एस २२ वरून एस २५ अल्ट्रा घ्यावा का? किनाऱ्यावरच्या वापरासाठी सल्ला हवा

देवबागची_वहिनी · १७ ऑगस्ट २०२५

नमस्कार मंडळी.

देवबागला, कर्ली नदी आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर, आमचे निवास-न्याहारीचे छोटे घर आहे. माझ्याकडे २०२२ साली घेतलेला सॅमसंगचा गॅलेक्सी एस २२ आहे आणि धंद्याचे जवळजवळ सगळे काम त्या एकाच फोनवर चालते. पाहुण्यांचे आरक्षण, यूपीआयवरची आगाऊ रक्कम, खोल्यांचे आणि जेवणाच्या ताटांचे फोटो, होडीतून संगमाकडे जाताना घेतलेले व्हिडिओ आणि पुतण्याने सुरू करून दिलेल्या पानावरचे रील हे सगळे त्यातच आले. पाऊस ओसरला की दिवाळीच्या सुट्टीची विचारणा सुरू होईल, त्यामुळे फोनचे काय करायचे ते चतुर्थी आटोपताच ठरवावे असा विचार आहे.

तक्रारी अशा आहेत. सकाळी पूर्ण भरलेली बॅटरी दुपारच्या जेवणावळीपर्यंत कशीबशी टिकते. पावसाळ्यात चार्जर लावला की पुष्कळदा थेंबाचे चिन्ह येते आणि चार्जिंग सुरूच होत नाही. संध्याकाळच्या उजेडात काढलेले फोटो हल्ली दुधाळ, धुरकट येतात. शिवाय १२८ जीबीची जागा भरत आली आहे.

पुतण्याचे म्हणणे आहे की आता थेट एस २५ अल्ट्रा घ्यावा, कारण त्याचा कॅमेरा आपल्या धंद्याला लागणारच आहे आणि सात वर्षे पुन्हा पाहायला नको. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेली त्याची किंमत १,२९,९९९ रुपये आहे. जुना फोन बदल्यात द्यायचा म्हटले तर दुकानदाराने सांगितलेला आकडा ऐकून मी विषयच बदलला. तेवढ्या पैशांत एका खोलीचा एसी आणि इन्व्हर्टर दोन्ही होतात, त्यामुळे यजमानांचा सूर वेगळा आहे.

मला तीन गोष्टी नक्की समजून घ्यायच्या आहेत. नवा फोन समुद्राच्या पाण्याला अधिक टिकतो का? आमच्या चिऱ्याच्या घरात आतल्या खोलीत रेंज जाते, ती नव्या फोनने सुधारेल का? आणि पंतप्रधानांच्या परवाच्या स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात जीएसटी कमी होण्याची जी गोष्ट निघाली, तिच्यासाठी दिवाळीपर्यंत थांबण्यात काही अर्थ आहे का?

रत्नागिरीचा_दुरुस्तीवाला · १७ ऑगस्ट २०२५

ताई, मी फोन दुरुस्तीचे दुकान चालवतो, तेव्हा माझे मत दुरुस्तीकडे झुकलेले असणार हे धरूनच पुढचे वाचा. आपल्या चार तक्रारींपैकी निदान दोन तरी फोन जुना झाल्याच्या नसून तो किनाऱ्यावर वापरल्याच्या आहेत, आणि लाखाचा नवा फोन घेतलात तरी एक-दोन पावसाळ्यांनंतर त्या पुन्हा दारात उभ्या राहतील.

आधी त्या थेंबाच्या चिन्हाबद्दल. टाइप-सी पोर्टच्या आत मधोमध एक पातळ जीभ असते आणि तिच्यावर बारीक पिनांची रांग असते. खाऱ्या हवेतली ओल त्या पिनांवर बसते, सुकते आणि मीठ मागे ठेवते. ते मीठ हवेतला दमटपणा पुन्हा ओढून घेते, त्यामुळे फोन पाण्यात पडलेला नसतानाही त्याला ओल जाणवत राहते. आपल्या किनारपट्टीवरून आलेला फोन भिंगाखाली धरला की पिनांच्या मुळाशी तांब्याला चढतो तसला हिरवट गंज दिसतो. ओल असताना त्या पिनांतून वीज सोडली की हा गंज झपाट्याने वाढतो आणि म्हणूनच फोन चार्जिंग नाकारतो. तो आपल्या भल्याचेच करत असतो. अशा वेळी वायरलेस चार्जिंगची चकती वापरावी, ती सोय एस २२ मध्ये आहे. फोन तांदळाच्या डब्यात खुपसण्याचा उपाय मात्र करू नये. तांदळाचे बारीक कण आत जाऊन फोनला अपाय होऊ शकतो, असे ॲपलने आपल्या सूचनांत लिहिले आहे आणि ते सगळ्याच फोनना लागू पडते. एस २२ मध्ये हे पोर्ट मुख्य बोर्डावर नसून खालच्या वेगळ्या छोट्या पट्टीवर आहे, त्यामुळे ते खराब झाले असेल तर तेवढीच पट्टी बदलता येते.

दुधाळ फोटोंचे कारण बहुधा कॅमेऱ्यात नाही, त्याच्यावरच्या काचेत आहे. वाळूचा कण आणि फोन एकाच खिशात किंवा पिशवीत राहिले की त्या काचेवर केसासारखे बारीक ओरखडे पडतात, त्यांत तेलकटपणा आणि मीठ बसते आणि समोरून दिव्याचा किंवा मावळतीचा उजेड आला की तो सगळा पसरतो. दुपारी फोटो बरे येतात आणि संध्याकाळी बिघडतात, हीच त्याची खूण आहे. गोड्या पाण्याने किंचित ओलसर केलेल्या मऊ फडक्याने काच पुसा, मग टॉर्चच्या तिरक्या उजेडात पाहा. ओरखडे दिसले तर फक्त ती काच बदलून मिळते आणि तिचा खर्च फोनच्या किमतीपुढे नगण्य असतो. एसीच्या खोलीतून फोन एकदम बाहेर आणला तर भिंगावर दव धरते, ती गोष्ट वेगळी. त्यासाठी थोडे थांबणे एवढेच औषध आहे.

बॅटरीबाबत मी आपल्याला खोटी आशा दाखवणार नाही. एस २२ ची बॅटरी मुळातच ३,७०० एमएएचची, म्हणजे बेताची आहे, आणि त्यातला स्नॅपड्रॅगन ८ जेन १ हा चिप गरम होणारा व वीज खाणारा म्हणूनच ओळखला गेला. तीन वर्षांच्या रोजच्या वापरानंतर लिथियम बॅटरीची धारणशक्ती उतरतेच, आणि आपल्याकडचा उन्हाळा व बंद गाडीतली उष्णता तिला आणखी लवकर उतरवते. नवी बॅटरी घातली की फोन घेतला त्या दिवशी जेवढा चालत होता तेवढा चालेल, त्याहून अधिक नाही. तेवढे आपल्याला पुरत होते का, हे आपणच आठवून पाहा. सॅमसंग मेंबर्स ॲपमध्ये तपासणीचा विभाग आहे, तिथे बॅटरीची स्थिती काय दाखवते ते आधी बघून घ्या.

समुद्राच्या पाण्याबद्दल स्पष्ट सांगतो. आपला एस २२ आणि एस २५ अल्ट्रा या दोघांनाही आयपी ६८ हेच मानांकन आहे. त्यातला ६ हा आकडा धुळीसाठी आणि ८ हा पाण्यासाठी असतो. सॅमसंगच्याच म्हणण्यानुसार ही चाचणी गोड्या पाण्यात, दीड मीटर खोलीवर, ३० मिनिटे केलेली असते, आणि समुद्रकिनारी किंवा पोहण्याच्या तलावात फोन वापरण्याची शिफारस कंपनी करत नाही. पाणी शिरून झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही. म्हणजे या एका बाबतीत सव्वा लाख मोजून आपण काहीही नवे विकत घेत नाही. होडीत फोन न्यायचाच असेल तर गळ्यात अडकवायची पारदर्शक जलरोधक पिशवी घ्या, आणि खारे पाणी उडालेच तर फोन बंद करून गोड्या पाण्याने अलगद धुऊन, पुसून, वाऱ्यावर वाळवा. मीठ अंगावर तसेच सुकू देणे हे पाण्यापेक्षा वाईट.

वेंगुर्ल्याचा_लेन्सवाला · १८ ऑगस्ट २०२५

वरचा प्रतिसाद उत्तम आहे, तरी एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. मी लग्नसमारंभांचे आणि हॉटेलांचे फोटो काढतो. ज्या घराचा धंदा फोटो पाहून ठरतो त्या घराने कॅमेऱ्याचा खर्च चैनीत मोजू नये.

मात्र ‘नवीन’ आणि ‘अल्ट्रा’ हे दोन शब्द वेगळे करून पाहा. साधा एस २५ घेतलात तर त्याच्या मागच्या बाजूला ५०, १२ आणि १० मेगापिक्सेलचे तीन कॅमेरे मिळतील आणि दूरचे दृश्य तिपटीने जवळ आणता येईल. आपल्या एस २२ मध्येही मांडणी हीच आहे. चित्रावरची प्रक्रिया सुधारली आहे, बॅटरी ४,००० एमएएचची झाली आहे, पण बाजारात आला तेव्हाची किंमत, म्हणजे ८०,९९९ रुपये देऊन फोटोत डोळ्यांना जाणवेल असा फरक शोधत बसावे लागेल. अल्ट्राचे तसे नाही. त्यात २०० मेगापिक्सेलचा मोठ्या आकाराचा मुख्य सेन्सर आहे, पाचपट जवळ आणणारा ५० मेगापिक्सेलचा वेगळा कॅमेरा आहे आणि ५,००० एमएएचची बॅटरी आहे. संगमाच्या तोंडाशी डॉल्फिन दिसतात तेव्हा पाहुणे होडीतून तिपटीच्या कॅमेऱ्याने जे टिपतात त्यात पाण्यावरचा एक काळा ठिपका असतो. पाचपटीत निदान पाठीवरचा पर ओळखू येतो. बुकिंग करणाऱ्याला तेवढे पुरते.

कमी उजेडाबद्दल मात्र जाहिरातींवर जाऊ नका. रात्रीच्या मोडमध्ये फोन एकामागून एक अनेक चित्रे घेऊन ती एकमेकांवर बसवतो, त्यामुळे स्थिर गोष्ट सुंदर येते आणि हलणारी फरफटते. वेळासला कासवांची पिल्ले समुद्राकडे सोडतात तेव्हा फ्लॅश वापरू देत नाहीत, आणि योग्यच आहे. तिथे महागड्यात महाग फोन घेऊन आलेल्यांच्याही चित्रात वाळू स्वच्छ आणि पिल्लू पुसट असे मी पाहिले आहे. आपल्या ताटांच्या फोटोंसाठी तर खिडकीजवळचा सकाळचा उजेड कुठल्याही अल्ट्रापेक्षा सरस आहे. सोलकढीचा गुलाबी रंग पिवळ्या बल्बखाली कोणताच फोन खरा दाखवत नाही.

तेव्हा माझा सल्ला असा, की घ्यायचाच तर अल्ट्रा घ्या, पण एस २४ अल्ट्रा घ्या. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या त्या फोनचे मुख्य आणि पाचपटीचे कॅमेरे जवळपास तेच आहेत, नव्यात वाइड कॅमेरा १२ वरून ५० मेगापिक्सेलचा झाला हा ठळक बदल. सात वर्षांच्या अद्ययावतनाचे वचन एस २४ पासूनच सुरू झाले, म्हणजे तो २०३१ पर्यंत चालेल. सणासुदीच्या विक्रीत गेल्या वर्षीचा सर्वोत्तम फोन यंदाच्या सर्वोत्तमापेक्षा पुष्कळ खाली येतो, आणि पाहुण्यांना रीलमध्ये तो फरक कळत नाही. फक्त हातात धरून वजन बघा. हे अल्ट्रा एका हाताने ताट आणि दुसऱ्या हाताने फोन धरण्यासाठी केलेले नाहीत.

हर्णै_बंदर · १८ ऑगस्ट २०२५

रेंजच्या प्रश्नाला उत्तर देतो. दोष बहुधा फोनचा नाही. फाइव्ह-जीच्या लहरींचा वेगवान पट्टा साधारण ३,३०० मेगाहर्ट्झच्या वरचा आहे आणि तो जांभ्याच्या जाड भिंतीतून आत येता येता दमतो. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा लांबवर जातो व भिंतीही बऱ्या भेदतो, पण २०२२ च्या लिलावात तो एकट्या जिओने घेतला. आपल्या एस २२ ला हे दोन्ही पट्टे चालतात, त्यामुळे नवा फोन आणून टॉवर जवळ येणार नाही. घरात फायबरचे वाय-फाय असेल तर सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग सुरू करा. आतल्या खोलीतला प्रश्न फुकटात सुटतो. आमच्याकडे ओटीवर जाऊन फोन घेण्याची सवय त्यानेच मोडली.

नव्या फोनमध्ये उपग्रहावरून संदेश जातो असे पुतण्या सांगत असेल तर तेही तपासून घ्या. आयफोन १४ पासून आलेली ती आपत्कालीन सोय भारतात सुरू झालेली नाही. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या दापोली-मंडणगडकडे वीज आणि टॉवर दोन्ही गेले तेव्हा महागडे आणि स्वस्त फोन सारखेच मुके होते. कामाला आली ती पॉवर बँक आणि गाडीतला चार्जर.

सावंतवाडीकर · १९ ऑगस्ट २०२५

मी कर सल्लागाराकडे काम करतो, म्हणून फक्त पैशांचे बोलतो.

जीएसटीसाठी थांबू नये. ऑगस्ट २०२५ मधला प्रस्ताव आहे तो १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे काढून ५ आणि १८ हे दोन मुख्य टप्पे ठेवण्याचा. मोबाइल फोन एप्रिल २०२० पासून १८ टक्क्यांतच आहेत, त्यामुळे त्यांना खाली सरकायला जागा दिसत नाही. एसी मात्र आज, ऑगस्ट २०२५ मध्ये, २८ टक्क्यांत आहे. त्यामुळे थांबायचेच असेल तर यजमानांनी एसीसाठी थांबावे, आपण फोनसाठी नको. हे मी गमतीने लिहीत नाही. एकाच पैशासाठी दोन वस्तू भांडत असतील तर ज्या वस्तूची किंमत उतरण्याची शक्यता अधिक, तिचा निर्णय पुढे ढकलणे शहाणपणाचे.

१,२९,९९९ रुपयांत सुमारे १९,८३० रुपये कराचे आहेत. आपली जीएसटी नोंदणी नसेल तर ते परत मिळणार नाहीत, आणि दुकानदाराने ‘धंद्याच्या नावावर बिल घ्या, वाचतील’ असे सांगितले तरी त्यात तथ्य नाही. सात वर्षांवर पसरले तर फोनचा खर्च वर्षाला साडेअठरा हजारांच्या आसपास येतो, तेही फोन खाऱ्या हवेत सात वर्षे तगला आणि मधे एकदा तरी बॅटरी बदलली तर. कागदावरची सात वर्षे ही सॉफ्टवेअरची आहेत. काचेची आणि पोर्टची हमी कुणी घेतलेली नाही.

‘नो कॉस्ट ईएमआय’ या नावालाही भुलू नका. शून्य टक्के व्याज असे काही नसते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले आहे. व्याज असतेच, तेवढी सवलत आधी देऊन ते झाकले जाते. क्रेडिट कार्डावरच्या हप्त्यात त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि वर प्रक्रिया शुल्क आपल्याच माथी येते. रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळते ती हप्तेवाल्याला मिळते का, एवढे एक विचारले की चित्र स्पष्ट होते.

आणि एक व्यावहारिक गोष्ट, जी आपल्या भागात किमतीइतकीच महत्त्वाची आहे. घेण्यापूर्वी कंपनीच्या मदत क्रमांकावर विचारून घ्या, की त्या विशिष्ट मॉडेलचा डिस्प्ले आणि बॅटरी बदलून देणारे अधिकृत केंद्र आपल्याला सर्वांत जवळ कुठे आहे आणि सुटा भाग यायला किती दिवस लागतात. ऐन हंगामात फोन घेऊन कोल्हापूर किंवा पणजी गाठावी लागली आणि तो तिथेच ठेवून परतावे लागले, तर त्या आठवड्याची बुकिंगे कोण घेणार?

देवबागची_वहिनी · १९ ऑगस्ट २०२५

सर्वांचे मनापासून आभार. काच पुसून टॉर्च लावला तर मुख्य कॅमेऱ्यावर ओरखड्यांचे जाळेच दिसले. बॅटरीची स्थितीही ॲपमध्ये ‘कमकुवत’ अशीच दाखवते. वाय-फाय कॉलिंग सुरू केले, आणि सासूबाई आज पहिल्यांदा माजघरातून मुंबईला बोलल्या.

तूर्त असे ठरवते, की चतुर्थीचे पाहुणे गेले की बॅटरी, पोर्टची पट्टी आणि काच बदलून घ्यायची. या फोनला सुरक्षेची अद्ययावतने २०२७ च्या सुरुवातीपर्यंत मिळणार आहेत, म्हणजे यंदाचा आणि पुढचा हंगाम तो निघावा. डॉल्फिनच्या व्हिडिओंचा मुद्दा मला पटला आहे, तेव्हा सणाच्या विक्रीत एस २४ अल्ट्राची किंमत कुठवर उतरते यावर पुतण्याने लक्ष ठेवायचे आणि ती आमच्या आवाक्यात आली तरच घ्यायचा. त्या वेळी हा एस २२ बदल्यात न देता बुकिंगचा फोन म्हणून घरातच राहील. जागा भरल्याचे निस्तरायला व्हॉट्सॲपमधले जुने व्हिडिओ काढायला घेतले आहेत. शुभ सकाळच्या चित्रांनीच किती जागा खाल्ली होती ते सांगण्यात अर्थ नाही.

दुरुस्तीवाले दादा, एक शेवटचे विचारते. बॅटरी बाहेर बदलली तर चालेल, की अधिकृत केंद्रातच जावे? आणि उघडल्यानंतर फोनचे ते आयपी ६८ राहते का?

रत्नागिरीचा_दुरुस्तीवाला · २० ऑगस्ट २०२५

बॅटरी अधिकृत केंद्रातच बदला, माझ्या धंद्याच्या विरुद्ध असले तरी. बाजारात कंपनीचे नाव छापलेल्या नकली बॅटऱ्या इतक्या बेमालूम आहेत की वेष्टनावरून आम्हालाही खात्री देता येत नाही, आणि फुगलेली बॅटरी मागची काच आतून उचलते. बिलावर सुट्या भागाची नोंद आहे ना ते पाहा, कारण बदललेल्या भागाची हमी त्या बिलावरच मिळते. फोन देण्यापूर्वी सगळ्याची प्रत काढून ठेवा आणि यूपीआयची ॲप काढून टाका. सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलेत तर बुकिंगचा नंबर बंद राहणार नाही.

बॅटरीसाठी मागची काच गरम करून सोडवावी लागते आणि तिच्याभोवतीची चिकटपट्टी त्यात तुटते. ती नवीच बसवा असे तिथे आवर्जून सांगा, जुन्यावर दाबून चालत नाही. नवी पट्टी बसवली तरी कारखान्यातून आला तेव्हाचे मानांकन शाबूत आहे असे कुणी लिहून देणार नाही. तसाही तीन वर्षांत तो गोंद वाळून सैल झालेला असतो, म्हणून न उघडलेल्या जुन्या फोनवरही मी भरवसा ठेवत नाही. यापुढे होडीत पिशवीशिवाय नेऊ नका. पिशवी घेतलीत की पहिल्यांदा आत कोरडा कागद घालून ती बादलीत बुडवून ठेवा. कागद कोरडा निघाला तरच फोन आत घाला.